कथकच्या क्लासचे नियम: कोणते पाळावेत, कोणते विचारावेत

वाचकाचं पत्र: "माझ्या दोन मुली, मोठी 13 वर्षांची आणि धाकटी 8 वर्षांची, जूनपासून कथकच्या क्लासला जातात. प्रवेशाच्या वेळी क्लासच्या ताईंनी दोन पानी नियमावली दिली होती, ती मी वरवर चाळली. पहिल्याच आठवड्यात धाकटी फ्रॉक आणि लेगिंग्ज घालून गेली, तर तिला तासभर बसवून ठेवलं. पुढे एकदा 15 मिनिटं उशीर झाला, तेव्हाही बसवलं. मी दारातून मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, तो बंद करायला सांगितला. पालकांनी आत बसायचं नाही. घुंगरू वर्षभर मिळणार नाहीत. दिवाळीत आम्ही गावी गेलो, तीन तास बुडले, तरी फी पूर्ण घेतली. मोठीला पांढऱ्या ड्रेसमध्ये अवघडल्यासारखं होतं, हल्ली जायला कुरकुर करते. घरातून सल्ला मिळतोय की क्लास बदलून टाक. एवढी शिस्त खरंच लागते का?"

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी एका वाक्यात लिहिली आहे, म्हणून आधी तीच घेऊ. फी, व्हिडिओ, घुंगरू यांची उत्तरं आठवडाभर लांबली तरी बिघडत नाही. 13 वर्षांच्या मुलीचं अवघडलेपण मात्र लांबवू नये. या वयात क्लास सोडणाऱ्या मुली 'कंटाळा आला' एवढंच सांगतात, आणि खरं कारण पुष्कळदा कपड्यांत असतं.

पांढरा सुती कुर्ता घामाने भिजला की अंगाला चिकटतो आणि आरपार दिसतो. कथकमध्ये हात छातीसमोर धरून, पाठ ताठ ठेवून उभं राहायचं. समोर आरसा, दोन्ही बाजूंना मुली. अशा वेळी अवघडलेली मुलगी नकळत खांदे पुढे घेते, कोपरं खाली पाडते, आणि तिला सारखं 'कोपर वर, पाठ सरळ' ऐकावं लागतं. दोष शिकण्यात नसतोच, कापडात असतो. कुर्त्याला मलमल किंवा पातळ व्हॉइल नको, पॉपलीनसारखं दाट विणीचं सुती कापड घ्या. आतली स्लिप पांढरी नको, अंगाच्या रंगाची हवी. पांढऱ्याखाली पांढरं उठून दिसतं, अंगाच्या रंगाचं दिसत नाही. त्याखाली नीट बसणारी, पॅड नसलेली स्पोर्ट्स ब्रा. साध्या ब्राचे पट्टे तत्काराच्या, म्हणजे जमिनीवर पाय आपटण्याच्या, हादऱ्यांनी खांद्यावरून उतरतात आणि मुलीचं अर्धं लक्ष ते सावरण्यात जातं. काखेत कळी घालून शिवलेला कुर्ता हात वर नेताना ओढला जात नाही, हे शिंप्याला मुद्दाम सांगा.

दुसरं कारण पाळीचं असू शकतं. पांढरा चुडीदार, दीड तासाचा वर्ग, मध्येच उठायला संकोच: या धास्तीनेच मुली महिन्यातले दोन-तीन तास बुडवतात आणि घरी काहीतरी वेगळंच कारण सांगतात. ताईंना एकांतात गाठून एवढंच विचारा: मोठ्या मुलींना गडद रंगाचा चुडीदार चालेल का? आणि तो कायमचा चालावा, 'त्या' दिवसांपुरता नको, नाहीतर रंग बदलला की साऱ्या वर्गाला कळतं. बहुतेक शिक्षिका हे लगेच मान्य करतात, कारण त्या स्वतः यातून गेलेल्या असतात. त्या दिवसांत नाचायचं की बसून पढंत (नाचाचे बोल तालात तोंडाने म्हणणं) करायची, हे मुलीला ठरवू द्यावं. पाळीत घुंगरूंना हात लावायचा नाही किंवा वर्गात यायचंच नाही असा नियम कुठे असेल, तर तो मान्य करण्याचं काही कारण नाही. पाळीत नाचल्याने इजा होत नाही, पोटात दुखत असेल तर विश्रांती घ्यावी, इतकाच त्याचा हिशेब.

आता धाकटीचा फ्रॉक. पहिल्या आठवड्यात 8 वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून तासभर बसवणं आम्हाला पटलेलं नाही. चूक झाली ती घरच्यांची, आणि क्लासच्या कपाटात एखादा जास्तीचा कुर्ता आणि ओढणी ठेवली की असा प्रसंग टळतो. पण नियमाला जे कारण आहे ते पक्कं आहे. तत्कार म्हणजे 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' या बोलांवर पूर्ण तळवा जमिनीवर सपाट आपटणं. तळवा पूर्ण पडतोय की मूल नुसतीच टाच टेकतंय, गुडघा दर वेळी वाकतोय का, हे शिक्षकाला घोट्यापासून वरपर्यंत दिसावं लागतं. पलाझो, घेरदार सलवार, लांब स्कर्ट यांत ते दिसत नाही. फ्रॉकची अडचण वेगळी: चक्कर घेताना घेर उडतो, मूल तो हातांनी दाबतं आणि हस्तक (हातांची ठरलेली हालचाल) सुटतो. ताणल्या जाणाऱ्या कापडाची लेगिंग्ज एक वेळ चालेल, पण सिंथेटिक असेल तर घामाने सरकते आणि पुढे घुंगरू बांधले की तेही तिच्यासोबत खाली सरकतात. चुडीदाराच्या घोट्यावरच्या चुण्या दिसायला छान असतातच, शिवाय घुंगरांची दोरी त्यांच्यावर धरून राहते आणि कातडी सोलवटत नाही.

कुर्त्याची उंची गुडघ्यापर्यंत किंवा त्याखाली चार बोटं. त्याहून लांब असेल तर चकरांमध्ये पायांत गुंडाळतो, फार आखूड असेल तर पुढे वाकताना पाठ उघडी पडते. बाजूचे कट कमरेच्या थोडे खालून सुरू व्हावेत. नवा ड्रेस क्लासला पाठवण्याआधी घरी चार हालचाली करून घ्या: दोन्ही हात डोक्यावर, कमरेतून पुढे वाकणं, एक पाय लांब टाकून वजन त्यावर घेणं, आणि सावकाश एक चक्कर. कुठे ओढ बसली, शिवण करकरली, गळा सरकला तर तिथे दुरुस्ती. वाढत्या अंगाला म्हणून दोन मापं मोठं शिवायचा मोह होतो. तो उंचीत करा, आत दुमड ठेवा. छातीत आणि कमरेत मोठं नको, कारण ढगळ कुर्त्यात कंबर कुठे वळते तेच दिसत नाही आणि मूल चुकीचं वळण पक्कं करून बसतं.

ओढणी हा लहान मुलींच्या ड्रेसमधला सगळ्यात त्रासदायक भाग, आणि ती कशी बांधायची हे कुणी सांगत नाही. लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास पुरते. आधी ती लांबीत दुमडत चार बोटं रुंदीच्या घड्या घाला. मधला भाग डाव्या खांद्यावर, एक टोक छातीवरून तिरकं आणि दुसरं पाठीवरून तिरकं उजव्या कमरेवर आणा. तिथे आधी साधी गाठ, तिच्यावर दुसरी. गाठ बरोबर बाजूला यावी. पुढे आली तर हात अडतो, मागे गेली तर बसताना टोचते. उरलेली टोकं वीतभरापेक्षा लांब ठेवू नका, जास्तीची कमरेत खोचा, कारण लोंबणारं टोक चकरेत हाताला गुंडाळतं. खांद्यावर एक सेफ्टी पिन, ती कुर्त्याच्या आतल्या बाजूने लावलेली आणि मिटलेलं टोक खाली. पिन ओढणीच्या सगळ्या घड्यांतून गेली पाहिजे. एकाच पदरातून गेली तर पहिल्या दहा मिनिटांत कापड फाटतं. काही क्लासमध्ये ओढणी दुसऱ्या पद्धतीने बांधतात, तिथे त्यांचीच पद्धत घ्या. धाकटीला हे स्वतः करता येईपर्यंत दोन-तीन महिने लागतील, तोवर घरूनच बांधून पाठवा.

केसांची घट्ट वेणी किंवा अंबाडा. चक्कर घेताना नजर समोरच्या एका बिंदूवर ठेवायची असते: अंग वळतं, मान शेवटपर्यंत मागे राहते आणि मग झटकन फिरून पुन्हा त्याच बिंदूवर येते. सुटे केस नेमके या झटक्याला डोळ्यांवर येतात, बिंदू हरवतो, आणि मूल गरगरून पडतं. लांब वेणी असेल तर टोक कमरेच्या गाठीत खोचा किंवा वेणीचा अंबाडा घाला, कारण वेगात फिरणारी वेणी शेजारणीच्या तोंडावर बसते. चाप मोजून लावा आणि मोजून काढा. वर्गात सगळे अनवाणी असतात, पडलेला यू-पिन कुणाच्या तरी तळव्यात जातोच. बांगड्या, घड्याळ, अंगठी, लोंबते कानातले घरी ठेवावेत. पैंजणही. घुंगरांच्या दोरीत पैंजणाची कडी अडकली तर दोन्ही तुटतात. पायांची नखं कापलेली असावीत. तळव्यांना त्या दिवशी तेल किंवा क्रीम लावू नका, फरशीवर पाय घसरतो.

अनवाणीपणाबद्दल एक गोष्ट बहुतेक नियमावल्यांत नसते, पण असायला हवी. स्वच्छतागृहात जाताना मुलांनी चपला घालाव्यात आणि परत येताना हॉलच्या दाराबाहेर काढाव्यात. ओल्या पायाने आत आलेलं मूल स्वतः घसरतं आणि जमीनही ओली करतं. पायाला चामखीळ किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर ताईंना सांगा, उपचार होईपर्यंत बसून पढंत करता येते. मोजे घालून नाचणं हा त्यावर उपाय नाही, मोज्यांमध्ये घसरण्याची भीती जास्त.

घुंगरांचं मुलींना खूप अप्रूप असतं, आणि वर्षभर थांबा म्हटलं की त्यांचा हिरमोड होतो, हे अगदी खरं आहे. तरी इथे आम्ही पूर्णपणे तुमच्या ताईंच्या बाजूने आहोत. घुंगरू नसताना तळव्याचा आवाज नागडा ऐकू येतो. उजवा पाय मोठा, डावा हलका, तिसरा बोल घाईत, सगळं कळतं. घुंगरू बांधले की पाय अर्धवट पडला तरी छुमछुम भरपूर होते, आणि चूक त्या आवाजाखाली लपते. मुलाला वाटतं जमलं. ही सवय दोन वर्षांनी मोडायला घेतली तर पहिल्यापासून शिकण्याइतके कष्ट पडतात. दुसरं कारण वजन. नडगीच्या खालच्या भागावर जोड बांधून एका तासात शेकडो वेळा पाय उचलायचा, तर घोट्याभोवतीचे आणि पोटरीचे स्नायू आधी तयार हवेत.

वेळ आली की धाकटीला एका पायात 25 किंवा 50, मोठीला 50 पासून सुरुवात, आणि मग वाढवत 100 किंवा त्याहून पुढे, असा साधारण क्रम असतो. आकडा ताई सांगतील तोच घ्या. 'पुढे लागतीलच' म्हणून शंभराचा जोड आत्ताच घेऊन ठेवू नका. घेताना पितळेचे, एका आकाराचे, आणि प्रत्येक घुंगराला दोरीत स्वतंत्र गाठ मारलेले बघा. नुसते ओवलेले असतील तर दोरी एका जागी तुटली की सगळे सांडतात. हातात धरून हलवा. एखादा मुका असेल, आतला खडा अडकलेला, तर बदलून घ्या. कथकला दोरीवर गुंफलेले लागतात. चामड्याच्या किंवा कापडाच्या पट्ट्यावर शिवलेले मिळतात ते भरतनाट्यमला वापरतात, नवखे पालक पुष्कळदा तेच घेऊन येतात.

बांधताना जमिनीवर बसायचं, पाय पुढे. घोट्याच्या हाडाच्या वर सुरुवात करून वेढे एकावर एक चढवत न्यायचे, वेढ्यांत फट नको आणि एकमेकांवर चढलेलेही नकोत. शेवटी दोन्ही टोकांची गाठ मारून टोकं आत खोचायची. वेढ्याखाली एक बोट कसंबसं जावं इतकं घट्ट. पायाच्या बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सोडायचे. सैल राहिले तर जोड टाचेवर उतरतो आणि घोट्याची कातडी जाते. तास संपल्यावर घामाने ओली झालेली दोरी तासभर हवेवर वाळू द्या, मगच सुती पिशवीत भरा. घुंगरू पाण्याने धुवू नका, आतला लोखंडी खडा गंजतो आणि आवाज बसतो. बांधण्याआधी त्यांना नमस्कार करणं आणि कुणाचे घुंगरू, तबला किंवा वही ओलांडून न जाणं, हे मुलींना दाखवून द्या. वाद्य म्हणून त्यांना जपण्याची सवय त्यातूनच लागते.

उशिराबद्दल. वर्ग नमस्काराने सुरू होतो, मग विलंबित लयीत तत्कार, पुढे दुगुन, चौगुन, म्हणजे दुप्पट आणि चौपट वेग. हा संथ तत्कार म्हणजेच पोटऱ्या आणि घोटे तापवण्याची वेळ. 15 मिनिटं उशिरा आलेलं मूल थेट चौगुनमध्ये किंवा चकरांमध्ये घुसलं तर गार स्नायूंवर अचानक ताण येतो, आणि पोटरीत गोळा येणं, पाय मुरगळणं अशा गोष्टी तिथेच होतात. त्यामुळे सरळ रांगेत उभं न करणं योग्य. पण तासभर बसवण्यापेक्षा कोपऱ्यात पाच-सात मिनिटं ठाय (संथ) लयीत तत्कार करायला लावून मग रांगेत घेणं जास्त शहाणपणाचं, आणि हे तुम्ही ताईंना सुचवू शकता. विनंती म्हणून सुचवा, तक्रार म्हणून नको.

उशीर झालाच तर आत कसं शिरायचं हेही मुलींना शिकवा. दाराशी थांबायचं. तुकडा (बोलांची छोटी रचना) चालू असेल तर तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन संपेपर्यंत हलायचं नाही. मग ताईंची नजर पडली की नमस्कार करून मागच्या बाजूने आपल्या जागी. ताई आणि नाचणाऱ्या मुली यांच्या मधून किंवा तबलजींच्या समोरून जायचं नाही. जी मुलं बसलेली असतात त्यांनी हाताने ताल धरायचा. तीनतालाच्या 16 मात्रा, चार-चारचे चार विभाग, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, आणि 'खाली', म्हणजे टाळी न देता हात उघडा दाखवणं, नवव्या मात्रेला. बसलेल्या वेळात धाकटीने एवढं जरी हातावर पक्कं केलं तरी तो तास कामाला आला. वहीत बोल लिहितानाही मात्रांखाली ताईंनी शिकवलेल्या टाळी-खालीच्या खुणा केल्या तरच ते महिन्याभराने वाचता येतात. नुसते बोल सलग लिहून ठेवले तर सम कुठे आहे ते कळत नाही.

व्हिडिओवर बंदी रास्त आहे. तुमच्या चौकटीत दुसऱ्यांच्या मुलीही येतात, घामेजलेल्या, चुकणाऱ्या, आणि त्यांच्या आईवडिलांना तुम्ही विचारलेलं नसतं. घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ पुढे कुठे जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. शिवाय अर्धवट बसलेली रचना बाहेर गेलेली कुठल्याच गुरूला आवडत नाही. तुम्हाला हवं आहे ते घरच्या रियाजासाठी असेल तर ताईंकडे पढंतचं ऑडिओ रेकॉर्डिंग मागा. रियाजाला ते व्हिडिओपेक्षा उपयोगी, कारण मूल पडद्याकडे बघत नक्कल करत नाही, ऐकून मोजायला शिकतं. महिन्याअखेर फक्त तुमच्या मुलींचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढू द्याल का, असंही विचारता येईल.

पालक आत बसले की मूल चुकल्यावर आधी आईकडे बघतं आणि मग पाय उचलतं. लय तिथेच सुटते. म्हणून बाहेर थांबणं ठीक. पण दोन-तीन महिन्यांतून एकदा वर्ग पाहायला मिळावा, आणि दार आतून कडी लावून बंद नसावं, ही अपेक्षा तुम्ही ठेवलीच पाहिजे. यात संकोच नको. कोपर उचलायला, पाठ सरळ करायला शिक्षकाचा हात लागतो, ते सांगून आणि सगळ्यांसमोर व्हायला हवं. मुलीला तो स्पर्श नकोसा वाटला तर तिने 'नको' म्हणावं आणि शिक्षकाने तोंडी सांगून दुरुस्ती करावी. एकट्या मुलीला वेळेबाहेर बोलावलं जात असेल तर तुम्हाला आधी कळलं पाहिजे. पायावर काठी मारणं, वजनावरून, रंगावरून बोलणं, दुखत असताना 'सहन कर' म्हणणं, यातलं काहीही शिस्तीत बसत नाही. असं होत असेल तर दुसऱ्या संधीची वाट न बघता मुलींना काढून घ्या.

दुखण्याबद्दल सांगायला हवं, कारण फरशीवर तत्कार करणाऱ्या मुलांना ते होतंच. पोटऱ्या भरून येणं, तळवे चुरचुरणं हे दोन दिवसांत जातं. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, किंवा सकाळी उठल्यावर टाच टेकवत नसेल, तर तत्कार थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. तोवर हस्तक, पढंत, बसून अभिनय चालू राहू शकतं, क्लास बुडवायची गरज नाही. घरी रियाज सिमेंटवर नको, लाकडी पाटावर नको आणि सतरंजीवरही नको. सतरंजी सरकते. घट्ट बसणारी पातळ रबरी चटई सगळ्यात बरी. क्लासच्या दीड तास आधी हलकं खाणं, पोळीचा रोल किंवा केळं. जेवून लगेच गेलं तर चकरांमध्ये मळमळतं.

फीच्या बाबतीत तुमचा राग समजतो, पण नियम योग्य आहे. मासिक फी तासांच्या हिशेबाने नसते, बॅचमधल्या जागेची असते. तुम्ही गावी असताना हॉलचं भाडं आणि तबलजींचं मानधन चालूच होतं. उलट बाजूही तितकीच खरी: क्लासने रद्द केलेला तास भरून मिळायला हवा. मुलीला टायफॉइड झाला, हात मोडला, महिन्याहून जास्त खंड पडणार असेल तर लगेच कळवून सवलत विचारा. खंड संपल्यावर विचारलं तर कुणाला देता येत नाही. त्यापेक्षा जास्त भांडणं वार्षिक कार्यक्रमाच्या खर्चावरून होतात. ड्रेस भाड्याचा की शिवायचा, मेकअप, साथसंगत, थिएटरचं भाडं, तिकिटं घेण्याची सक्ती आहे का, हे सगळं होकार देण्याआधी लेखी मागून घ्या आणि भाग न घेण्याची मुभा आहे का तेही विचारा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचायला क्लासची परवानगी लागते असा नियमही काही ठिकाणी असतो. क्लासमध्ये शिकलेली रचना बाहेर करायची तर विचारलंच पाहिजे. वर्गमैत्रिणींबरोबर गाण्यावर नाचायला मात्र क्लासने अडवू नये, कळवलं की पुरे.

क्लास बदलायचा का? तुमच्या पत्रातल्या कारणांवरून नाही. ताईंकडे तास सुरू होण्याआधीची घाईची पाच मिनिटं गाठू नका, वेगळी वेळ मागा आणि तीन गोष्टी बोला: चुडीदाराचा रंग, उशीर झाल्यास बसवण्याऐवजी संथ तत्कार, आणि पालकांना वर्ग बघण्याचा एक दिवस. त्यांची उत्तरं काय येतात, आणि त्या कारण सांगतात की फक्त 'आमच्याकडे असंच' म्हणतात, यावरून तुम्हाला बरंच कळेल.

तरीही बदलायची वेळ आलीच तर परीक्षांचं गणित आधी बघा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद, अलंकार अशा चढत जातात आणि वर्षातून दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. अर्ज बरेच आधी भरायचे असतात. अर्ज भरल्यावर क्लास सोडला तर मुलीची तयारी कोण करून घेणार हा प्रश्न उरतो, म्हणून परीक्षा देऊन मग निघा. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून काही पालक मोठ्या मुलीला भराभर परीक्षांना बसवतात. त्याची अट शाळेतून नीट समजून घ्या, पण त्यासाठी ताईंवर घाई लादू नका. कच्च्या तत्कारावर मध्यमेचा अभ्यासक्रम पेलत नाही.

निघताना महिना पूर्ण करा, बाकी चुकती करा, क्लासचे ड्रेस परत द्या, परीक्षेची प्रमाणपत्रं मागून घ्या, आणि मुलींना घेऊन समोर जाऊन सांगा. फोनवर मेसेज टाकून गायब होऊ नका. एकाच वेळी दोन क्लास तर अजिबात नको. लखनौ, जयपूर, बनारस या घराण्यांत हात धरण्याची, पाऊल टाकण्याची ढब वेगळी असते, आणि एकाच घराण्यातही दोन गुरूंचे हस्तक जुळतीलच असं नाही. नव्या ठिकाणी पहिले दोन-तीन महिने मुलींना आधी शिकलेलं बदलावं लागेल, कदाचित खालच्या बॅचमध्येही बसवतील. हे मुलींना तिथे जाण्याआधीच सांगून ठेवा.